यंदा काही खरं नाही

अमेरिकेत लेकीच्या घरी पोचलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या आजोबांनी कुंपणापलीकडून मला पहिला प्रश्न विचारला. प्रवास कसा झाला, थंडी मानवली का, असलं काही नाही. एकदम, "काय वाटतं तुम्हाला? शनिवारी आपली डावी बाजू टिकेल?"

मी बावीस तासांचा प्रवास करून आलो होतो. विमानातल्या खुर्चीनं माझीच डावी बाजू कामातून गेली होती. प्रश्न कशाबद्दल आहे याचा पत्ता नव्हता. पण मी जन्मलो कोल्हापुरात, आणि मॅचच्या आधी काय बोलायचं हे तिथं लहानपणीच अंगात मुरतं. मी खाली पडलेल्या पानांकडं बघितलं, ओठ मुडपले, मान दोनदा आडवी हलवली आणि म्हणालो, "अवघड आहे."

आजोबांचा चेहरा उजळला. हातातलं दाताळं तिथंच टाकून ते कुंपणाशी आले आणि पुढची पंचवीस मिनिटं मला सांगत राहिले की कसं अवघड आहे. मी अधूनमधून "हं" म्हणत होतो. संध्याकाळी त्यांनी आमच्या जावयांना फोन करून कळवलं, की तुमच्या सासऱ्यांना खेळ कळतो.

हे नोव्हेंबर २०२४ मधलं. गाव कोलंबस, ओहायो राज्याची राजधानी. तिथं ओहायो स्टेट युनिव्हर्सिटी आहे आणि तिचा फुटबॉलचा संघ आहे. कॉलेजचा संघ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं जे आलं ते असं : पीटीचे सर, त्यांच्या गळ्यात शिट्टी, मॅच संपल्यावर पोरांना एकेक वडा-पाव, आणि जिंकलोच तर नोटीस बोर्डावर खडूनं अभिनंदन. जावयांनी मला गाडीत घालून ओलेंटँजी नदीच्या काठी नेलं आणि स्टेडियम दाखवलं. घोड्याच्या नालासारखं, १९२२ साली उघडलेलं, आणि आत माणसं बसतात १,०२,७८०. मी जावयांना विचारलं, "हे सगळे विद्यार्थी?" ते म्हणाले, "नाही बाबा, पालक, आजी-आजोबा, दुकानदार, सगळं गाव." तिथल्या पीटीच्या सरांना कोच म्हणतात. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत सरकारी नोकरांमधला सगळ्यात मोठा पगार गव्हर्नरांचा नसतो, तो कॉलेजच्या कोचचा असतो. आमच्या पीटीच्या सरांना हे कळलं असतं, तर त्यांनी शिट्टी जरा जोरात फुंकली असती.

आता खेळ. नाव फुटबॉल, पण चेंडूला मुद्दाम पाय लावणारी माणसं संघात दोन-तीन. बाकीचे हातात धरून पळतात, फेकतात, नाही तर एकमेकांच्या अंगावर जातात. चेंडू न सोललेल्या नारळासारखा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्याकडं. मला हा खेळ दुसऱ्या दिवशीच कळला, कारण आमच्या गावाकडच्या चुलत्यांनी शेजाऱ्याचा बांध आयुष्यभर असाच कोरला. घड्याळातला साठ मिनिटांचा खेळ साडेतीन तास चालतो. पाच-सहा सेकंद झटापट झाली की सगळे थांबतात आणि पुढचा विचार करतात. विचार करायला तेवढाच वेळ प्रेक्षकांनाही मिळतो, आणि सगळं दुखणं तिथंच सुरू होतं.

शनिवारचा सामना मिशिगनशी होता. हे दोघं १८९७ साली पहिल्यांदा भिडले, तेव्हा मिशिगननं ३४-० नं धुतलं. ती कळ अजून गेलेली नाही. कोलंबसचे कट्टर लोक मिशिगनचं नाव घेत नाहीत. 'ते वरच्या अंगाचे' असं म्हणतात. आमची आजी आजोबांचं नाव घेत नसे, पण हळदीकुंकवाला उखाण्यात तरी घ्यायची. हे उखाण्यातही घेणार नाहीत.

भांडण खेळाच्याही आधीचं आहे. १८३५ साली टोलिडो गावाभोवतीच्या एका पट्ट्यावरून दोन्हीकडच्यांनी हत्यारबंद माणसं उभी केली. इतिहासात त्याला युद्ध म्हणतात. मेलं कोणी नाही, एका शेरीफच्या माणसाला चाकू लागला तेवढाच. शेवटी केंद्र सरकारनं टोलिडो ओहायोला दिलं आणि मिशिगनची समजूत काढायला उत्तरेकडचं एक मोठं जंगल त्यांच्या पदरात टाकलं. त्या जंगलात पुढं तांबं आणि लोखंड निघालं, म्हणजे रडत घेतलेल्या वाटणीत सोनं निघावं तसं. जावई हे सगळं मला फार सावकाश, नकाशा काढून समजावत होते. मी म्हणालो, "जावईबापू, सीमाप्रश्न आहे म्हणा की सरळ." बेळगाव आमच्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटर. कोल्हापूरच्या माणसाला सीमाप्रश्नाला नकाशा लागत नाही. आपला प्रश्न सुप्रीम कोर्टात आहे. त्यांचा दरवर्षी नोव्हेंबर संपता संपता सुनावणीला येतो आणि निकाल त्याच दिवशी लागतो.

त्या आठवड्यात युनिव्हर्सिटीच्या आवारात इंग्रजी 'एम' हे अक्षर दिसेल तिथं त्यावर लाल पट्टीची फुली मारतात. इमारतीच्या नावात, पाटीवर, कुठंही. मी हे कौतुकानं बघत फिरलो, घरी येईपर्यंत. घरी गुरुवारच्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला मित्रमंडळी येणार होती. सगळ्यांनी एकेक पदार्थ करायचा आणि भांड्यापुढं नावाची चिठ्ठी ठेवायची असा बेत होता. लेकीनं मिसळ केली होती. मी कोल्हापूरहून मसाला नेला होता, कस्टमच्या माणसाला त्याचा वास आवडला नव्हता तरी. तर आमच्या आठ वर्षांच्या नातीनं मिसळीच्या चिठ्ठीवरच्या पहिल्या अक्षरावर लाल फुली मारून ठेवलेली. पाहुणे येऊन विचारायला लागले, "इसळ म्हणजे काय?" मी नातीला म्हटलं, "बाळा, तुझा आजोबा मराठी, महाराष्ट्राचा, राहणार मंगळवार पेठ. पत्त्यात उरलं काय माझ्या?" ती म्हणाली, "आबा, शनिवारपर्यंतच."

पण मला सांगायचं आहे ते बुधवारच्या बैठकीबद्दल. त्याआधी संघाची तब्येत सांगतो, म्हणजे पुढचं रडणं किती खरं ते कळेल.

ओहायो स्टेट त्या मोसमात ११ सामने खेळून १० जिंकली होती. एक हरली तो ओरेगॉनशी, त्यांच्या घरी जाऊन, ३२-३१ असा एका गुणानं. आदल्याच शनिवारी इंडियानाला, जो तोवर एकदाही हरला नव्हता, ३८-१५ नं घरी पाठवलं होतं. २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना उघडपणे पैसे मिळायला लागलेत, आणि ह्या संघावर वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलर खर्च झाल्याचं सगळीकडं छापून आलं होतं. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, कॅन्ससहून आणलेला, पळणारा एक गडी मिसिसिपीहून, बचावातला एक अलाबामाहून. ह्यात मला नवल वाटलं नाही. कोल्हापुरात आमच्या पेठांच्या फुटबॉल संघांनीही नायजेरियाची पोरं आणून खेळवलीत आणि त्यांना तांबडा-पांढरा रस्सा पाजलाय.

मिशिगन आदल्या मोसमातला देशाचा विजेता, पण त्यांचा कोच जिम हार्बॉ व्यावसायिक लीगमध्ये निघून गेलेला, चांगली पोरं पांगलेली, आणि ११ पैकी ५ सामने हरलेले. सट्टेवाले, म्हणजे पैसे लावून बोलणारी माणसं, म्हणत होती की ओहायो स्टेट वीसेक गुणांनी जिंकेल.

अशा परिस्थितीत आजोबांच्या गॅरेजात बुधवारी रात्री जी मंडळी जमली, त्यांचा सूर मयताच्या घरचा होता.

गॅरेजात गाडी नव्हती. ती बाहेर थंडीत काढली होती. मध्ये घडीच्या खुर्च्या, गॅसची एक शेगडी माणसांना शेकायला, कोपऱ्यात जुना फ्रीज, त्यावर बिनआवाजाचा टीव्ही. भिंतीवर चार दशकांची कॅलेंडरं, सगळी संघाची, आणि एकाही कॅलेंडरवर नोव्हेंबरातल्या मिशिगनच्या चौकोनात काहीही लिहिलेलं नाही. बाकी डॉक्टरची तारीख, गॅसचा हप्ता, सगळं आहे. आजोबा मूळचे शाळेच्या बसचे ड्रायव्हर, आता निवृत्त. दुसरे एक प्लंबर. तिसरे दंतवैद्य. चौथे आमचे जावई, जे पंधरा वर्षांपूर्वी इथं शिकायला आले आणि फी वसूल व्हावी म्हणून की काय, इथल्या लोकांपेक्षा जास्त दुःख करायला शिकले.

सुरुवात प्लंबरनं केली. "सेंटरचा गडी गेला. डावा टॅकल तर ऑक्टोबरातच गेला. एक सांधा निखळला की दाब शेजारच्यावर येतो. मी तीस वर्षं हेच बघतोय. गळणार." बोलताना तो हातानं पाइप जोडत होता आणि तोडत होता. खरं होतं ते, पुढच्या भिंतीतले हे दोघंही जखमी होऊन बसले होते. पण त्याच फुटक्या पाइपांनी मागच्या शनिवारी इंडियानाला ३८ गुण पाजले होते, हे म्हणण्याचं धाडस कोणी केलं नाही. मीही नाही.

मग दंतवैद्यानं वही काढली. खरोखरची वही, वर रबर बँड. ह्या माणसाचा आवाज असा की 'थोडं दुखेल' हे वाक्य ऐकल्यासारखं वाटतं, कुठलंही वाक्य म्हणाला तरी. त्यानं आधी जॉन कूपर या जुन्या कोचचा हिशेब वाचला. १९८८ ते २००० या काळात शंभरावर सामने जिंकलेला माणूस, पण मिशिगनशी २ विजय, १० पराभव, १ बरोबरी. शेवटी घालवला त्याला. मग आत्ताचे कोच रायन डे. ७५ सामन्यांत ६६ विजय, ९ पराभव. मी मनात म्हटलं, आमच्या बोर्डाच्या निकालापेक्षा भारी. पण दंतवैद्यानं चष्मा वर केला आणि म्हणाला, "त्या नवांतले तीन वरच्या अंगाचे. आणि तिन्ही लागोपाठ. २१, २२, २३." मग वही मिटली. रबर बँड लावला. कोणी काही बोललं नाही. आमच्याकडं असं दहाव्याच्या घाटावर असतं, कावळा शिवेपर्यंत.

आजोबांचं दुखणं त्याहून जुनं. ते १९६९ बद्दल बोलतात आणि अजून कुणी त्यांना अडवलेलं नाही. ओहायो स्टेटचे तेव्हाचे वस्ताद वुडी हेज. त्यांनी १९६८ ला मिशिगनला ५०-१४ असं लोळवलं होतं आणि ५० झाल्यावरही, एक गुण सहज मिळत असताना, दोनसाठी प्रयत्न केला होता. समोरचा पालथा पडलाय आणि तुम्ही त्याच्या पाठीवर बसून मिशीला पीळ भरताय, असं ते. पुढच्या वर्षी मिशिगननं कोच आणला बो शेंबेकलर. हा हेज यांच्याच तालमीतला, त्यांच्या हाताखाली घडलेला चेला. त्यानं पहिल्याच वर्षी वस्तादांना २४-१२ असं आस्मान दाखवलं. "मी सतरा वर्षांचा होतो," आजोबा म्हणाले. "आम्ही तेव्हा देशात पहिले होतो. रेडिओ माझ्या काकांनी बंद केला, तोडला नाही. तोडला असता तर बरं वाटलं असतं." पुढं दहा वर्षं गुरू-चेला भिडत राहिले आणि शेवटी हिशेब चेल्याकडं ५, गुरूकडं ४ आणि एक बरोबरीत, असा निघाला. हे ऐकून मी पहिल्यांदा मनापासून हळहळलो. चेल्यानं वस्तादाला चितपट करावं, ह्याचं दुःख आणि अभिमान दोन्ही काय असतं ते कोल्हापूरच्या मातीत कळतं.

जावयांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, की आपण जास्त पळत नाही, फेकतो जास्त. मग म्हणाले, की आपण फेकतही नाही नीट. मग म्हणाले, की मुळात आपण जिंकावं अशी आपली लायकी आहे का? हा माणूस रोज सकाळी मला 'बाबा, पॉझिटिव्ह राहायचं' असं सांगून कामावर जातो.

एक गोष्ट माझ्या कानाला लागली. इंग्रजीत 'आम्ही' आणि 'आपण' ह्यांना एकच शब्द. पण सूर ऐकला की कळतं. इंडियानाला हरवलं ते 'आपण' हरवलं. त्यात बहात्तर वर्षांचे, एक गुडघा बदललेले आजोबाही धावले होते. मिशिगनशी मागची तीन वर्षं हरले ते मात्र 'ते' हरले. आणि शनिवारचा सामना आला की पुन्हा 'आपण' : "आपल्याला पहिल्यापासून अंगावर जायला पाहिजे." अंगावर जाणारे आजोबा हे वाक्य बोलून खुर्चीतून उठायला दोन्ही हातांचा आधार घेत होते.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. बाहेरचा जाणकार. मी शेगडीकडं बघितलं, वाफाळत्या चिलीच्या वाटीवरून हात फिरवला, वेळ घेतला आणि म्हणालो, "अवघड आहे." प्लंबरनं डोळे मिटले. दंतवैद्यानं वही उघडून काहीतरी लिहून घेतलं.

रात्री परतताना जावयांनी एक गंमत सांगितली. ओहायो स्टेट शनिवारी जिंकली, तर पुढच्या शनिवारी इंडियानापोलिसला त्यांच्या लीगचा अंतिम सामना खेळणार. दंतवैद्यानं तिथलं हॉटेल ऑक्टोबरातच बुक केलंय. दोन खोल्या, दोन रात्री, आणि स्वस्त पडावं म्हणून तो प्रकार घेतलाय ज्यात रद्द केलं तर पैसे परत नाहीत. मला तिथंच सगळा उलगडा झाला.

माझी आई मी परीक्षेला निघालो की दारात शेजारणीला मोठ्यानं सांगायची, "कुठलं हो, काही अभ्यास नाही ह्याचा, पास झाला तरी मिळवलं." आत येऊन मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकायची. आणि पेढ्याची ऑर्डर आदल्या दिवशीच दिलेली असायची. ती माझं मूल्यमापन करत नव्हती. दृष्ट काढत होती. गॅरेजात जमलेले हे चार गोरे-सावळे बाप्येही तेच करत होते, फक्त मीठ-मोहऱ्यांच्या जागी डावा टॅकल आणि सेंटर. 'आपण हरणार' हे ते दैवाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणत होते, आणि हॉटेलचं बुकिंग खिशात होतं. वीस गुणांनी जिंकू असं तोंडानं म्हणणारा एकही माणूस मला त्या आठवड्यात कोलंबसमध्ये भेटला नाही. पैसे मात्र बऱ्याच जणांनी लावले होते.

शनिवारी, ३० तारखेला, पाणी गोठेल अशी थंडी. सामना दुपारी बाराला आणि आम्ही सकाळी साडेसातला स्टेडियमजवळच्या गाड्यांच्या तळावर. तिकिटं परवडणारी नव्हती. तिथं गाडीची डिकी उघडून चूल मांडतात, टीव्ही लावतात, आणि तीच जत्रा. सॉसेजचा धूर, बिअर, लोकरीच्या टोप्या. कोणीही अनोळखी माणूस तुमच्याकडं बघून "ओ-एच!" असा ओरडतो आणि तुम्ही "आय-ओ!" असं ओरडायचं. राज्याच्या नावाचे दोन तुकडे, अर्धा त्याचा, अर्धा तुमचा. पहिल्यांदा एक धिप्पाड माणूस माझ्यावर ओरडला तेव्हा माझ्या तोंडून सवयीनं "चांगभलं!" गेलं. तो खूश झाला आणि त्यानं मला सॉसेज दिलं.

त्यांचा बँड मैदानावर चालत चालत 'ओहायो' ही अक्षरं जोडलेल्या वळणानं लिहितो आणि शेवटी भलामोठा सूझाफोन गळ्यात अडकवलेला एक वादक ऐटीत जाऊन 'आय'वरचं टिंब होतो. बँडचं हे लिहिणं १९३६ पासून चालत आलंय. टिंब व्हायला मिळणं हा आयुष्याचा मान. आपल्याकडं १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी एवढे अनुस्वार काढून टाकले, तेव्हा एकेका अनुस्वारामागं असा एक वादक उभा केला असता तर हात लावायची कोणाची छाती नव्हती.

सामन्याबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यात बघण्यासारखं थोडं आणि सोसण्यासारखं जास्त होतं. मध्यंतराला १०-१०. दुसऱ्या अर्ध्यात ओहायो स्टेटला भोपळा. दोन कोटी डॉलरच्या पोरांनी मधल्या गर्दीत तेच तेच डोकं आपटलं. आणि आठवडाभर जी तीस-चाळीस तास चर्चा झाली, तीत ज्याचा एकदाही उल्लेख आला नाही, तो गडी पुढं आला. किकर. संघातला पाय वापरणारा. त्याच्या दोन किका हुकल्या. समोरच्या किकरची ४५ सेकंद उरली असताना बसली. मिशिगन १३, ओहायो स्टेट १०. अकरांत पाच सामने हरलेल्या संघानं, वीस गुणांनी हरणार म्हणून लिहून दिलेल्या संघानं, घरात घुसून मारलं. मग त्यांनी मैदानाच्या मधोमध आपला झेंडा रोवायचा प्रयत्न केला, मारामारी झाली, पोलिसांनी तिखट फवारा मारला. मला क्षणभर घरी आल्यासारखं वाटलं.

तळावर कोणी ओरडलं नाही. शेगड्या विझवायचा चर्र आवाज तेवढा येत होता. दंतवैद्य फोनवर कोणालातरी विचारत होता की दोनांतली एक रात्र तरी रद्द होईल का. प्लंबर म्हणाला, "ते हरले," आणि गाडीत जाऊन बसला. आजोबा माझ्याकडं आले, हातमोजा काढला, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "तुम्ही सोमवारीच सांगितलं होतं."

मी कोल्हापूरला परतलो ते तिथला सर्वोच्च जाणकार म्हणून. त्या वर्षी पहिल्यांदाच देशाच्या विजेतेपदासाठी बारा संघ घेतले होते, त्यामुळं हरूनही ओहायो स्टेट आत होती. प्रत्येक सामन्याच्या आधी आजोबांचा निरोप जावयांमार्फत यायचा : ते काय म्हणतायत? टेनेसीच्या आधी मी म्हणालो, अवघड आहे. ४२-१७ नं जिंकले. ओरेगॉनच्या आधी म्हणालो, अवघड आहे. ४१-२१. टेक्सासच्या आधी, अवघड आहे. २८-१४. २० जानेवारी २०२५ ला अटलांटात अंतिम सामना होता, नोत्र दामशी. आपल्याकडं २१ ची पहाट. मी अंगणात उभा राहून फोनवर म्हणालो, "ह्या वेळी खरंच अवघड आहे." ३४-२३. देशाचे विजेते झाले. दुपारी आजोबांचा स्वतःचा फोन आला. अभिनंदन करायला मी तोंड उघडतोय तोच ते म्हणाले, "ते सगळं ठीक आहे हो. पण पुढच्या नोव्हेंबरात त्यांच्या गावाला जायचंय. तुम्हाला काय वाटतं?"

इकडं आमचाही मोसम ऐन भरात आलाय. तालमीच्या कट्ट्यावर रोज रात्री आठला बैठक असते. यंदा आमच्या पेठेची मधली फळी कच्ची आहे, गोली नवखा आहे, आणि बाहेरून आणलेल्या पोराला अजून तिखट सोसत नाही. हलगीवाल्याला मी परवाच पैसे देऊन ठेवलेत. रविवारी दुपारी चारला शाहू स्टेडियमवर सामना आहे. आमचं यंदा काही खरं नाही, तरी या.